डुकरांचा खुराक आणि तीराचं ताट

डेन्मार्कच्या जटलंडमध्ये, डुकरं पाळणाऱ्याच्या घरात जन्मून मांस सोडायचं म्हणजे देवळात बसून देवाला शिव्या घालणं. तीराने ते ऐन नाताळच्या जेवणात केलं. ताटातला भाजलेल्या डुकराचा तुकडा तिने भावाच्या, जेप्पेच्या ताटात सरकवला आणि म्हणाली, "आजपासून मी नाही खाणार. ज्यांना हाताने बाटली पाजून वाढवलं, ती घशाखाली उतरत नाहीत."

बापाने, एस्किलने, काटा खाली ठेवला. "उतरव म्हणून कुणी सांगितलं? आपल्याला ती विकायचीत! उन्हाळ्यात डुकरांचा गोठा तुमच्यापैकी एकाच्या नावावर करणार आहे. ज्याला पेलेल त्याचा. बघू, पाला खाऊन कसा पेलतेस."

झालं. तीराला गोठाही हवा आणि गोठ्यातलं खायचंही नाही! असली चैन माणसालाच परवडते.

आणि तिचा शाकाहार तरी काय? मांस उचलायचं, त्या जागी काही ठेवायचं नाही. ताटात नुसतं भोक. साखरेत परतलेले बटाटे. काळ्या पावावर पुन्हा बटाट्याच्याच चकत्या. पेट्रोलपंपावरचा हॉटडॉग सॉसेज काढून, म्हणजे पाव, सॉस आणि तळलेला कांदा. वर ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. हिरवं म्हणाल तर काकडीचं लोणचं. मान मात्र ताठ, जणू सगळ्या जटलंडचं पाप हिनंच धुतलं.

मार्चमध्ये खाद्याचं पोतं उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाई डुकरिणीच्या शेजारीच धपकन बसली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लोह पार तळाला गेलेलं.

"गोठा माझाच," जेप्पे बियरचा डबा फोडत म्हणाला. "तू आपली आराम कर, बटाटेबाई."

बापाने तिच्या वाटची पोती स्वतःच उचलून ठेवली. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या सकाळी ती खाद्य कालवायला उभी राहिली. जव, मोहरीची पेंड, वाळके वाटाणे, मिनरल मिक्स्चर. पिल्लं पाजणाऱ्या माद्यांना पेंड जास्त, भाकडांना कमी. जेप्पेने एक खोरं इकडचं तिकडे केलं तरी ती त्याच्यावर खेकसायची. कालवता कालवता हात थांबला. इथे एकालाही मांस मिळत नव्हतं आणि एकही धपकन बसत नव्हतं.

"भवाने," ती स्वतःलाच म्हणाली, "डुकरांना मोजून घालतेस आणि स्वतःला उकिरडा?"

मग चुलीवर पिवळ्या वाटाण्यांचं दाट सूप चढलं. डुकराचं मांस नसेल तर त्या घरात त्याला सूप म्हणतच नसत. मसूर आले, अंडी आली, कोबी आला. लोह अंगी लागावं म्हणून जेवणासोबत संत्रं, शिवाय डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या. कॉफी लोह अंगी लागू देत नाही, म्हणून जेवणावर लगेच कॉफी बंद. मांस सोडताना जे डोळ्यांत आलं नव्हतं, ते पाणी कॉफीसाठी आलं.

"काय गं, खुराक चालू?" जेप्पे खिदळायचा. "बाजारात कधी नेऊ?"

"तुझं वजन आधी भरलंय. तुझा नंबर पहिला."

जूनपर्यंत ती पोती पुन्हा एकटीने उचलू लागली. एका सकाळी एस्किलने गोठ्याच्या किल्ल्या तिच्यापुढे टाकल्या.

जेप्पे भडकला. "बाबा, जी आपला माल तोंडातसुद्धा घालत नाही, तिला?"

"म्हणून तर! तू अर्धा माल घरातच संपवशील."

तीरा पोट धरून हसली. तेवढ्यात अंगणात कत्तलखान्याचा ट्रक लागला.

"चल मालकीणबाई," बाप म्हणाला, "चढव."

आजवर चढवायचं काम बापाचं. तेव्हा तीरा हटकून खाद्याच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आता कुठे जाणार? गोठा मागितला होता ना तिनं? तिने डुकरं हाकायची फळी उचलली आणि पहिलं डुक्कर पुढे घातलं. ते बिचकून तिच्याकडे वळलं. दंडात ताकद होती, रक्तात लोह होतं. "चल बाळा," म्हणत तिने रेटलं.

ट्रकवाल्याने दार लावता लावता विचारलं, "तुम्ही म्हणे मांस खात नाही?"

"नाही," तीरा म्हणाली. "नुसती पाठवते."