धुऊन मांडलेले कार्ड

व्हिएतनाममधल्या बिएन होआ शहराजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा मांडण्या होत्या. प्रत्येक मांडणीवर सहा कार्डे, म्हणजे आम्ही बहात्तर. पंखे एकशे चव्वेचाळीस. खिडकी एकही नाही. मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. चौथ्या मांडणीवरचे, डावीकडून तिसरे.

पडद्यावर चित्रे रंगवावीत, खेळातल्या नद्या वाहत्या ठेवाव्यात, यासाठी माझा जन्म. पण कारखान्यातून निघालो तो थेट संगणकी नाणी मिळवण्याच्या आकडेमोडीला जुंपला गेलो. एकोणीस महिने, रात्रंदिवस. आमच्याकडे अशा कार्डाला ‘नांगराचा रेडा’ म्हणतात. शेजारचा पंखा थांबला की माझा थरकाप होई. संध्याकाळपर्यंत ती जागा रिकामी झालेली असे.

मग नाण्यांचा भाव कोसळला आणि एका सकाळी सगळे पंखे एकदम थांबले. आम्हाला अंगणात नेऊन उघडले आणि गाड्या धुण्याच्या फवाऱ्याने धुतले. विजेवर जगणाऱ्याला पाण्याची भीती काय असते, ते कसे सांगू? दोन दिवस उन्हात वाळवून घाईघाईने पुन्हा जोडले. माझ्या आठ मेमरी चिप्सवर उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या असतात. त्यातली एक सरकली आणि आठवी चिप उघडी पडली. कुणी पाहिले नाही.

सायगावातल्या क्वीच्या दुकानात मी नव्यासारखा चकाकत होतो. त्याची चाचणी दहा मिनिटांची. तेवढा वेळ मी तग धरीत असे. पण पंचवीस मिनिटे सलग राबलो, तर आठवी चिप नको तितकी तापणार, हे मला कळत होते. पकडला गेलो तर माझा शेवट. पकडला गेलो नाही तर माझ्या हातून कुणाची तरी फसवणूक. दोन्ही विचारांनी मी गारठून जाई.

एके दिवशी खियेमकाका आणि त्यांची पुतणी त्रुक आली. काकांनी हाऊ नदीवरच्या फेरीबोटीचे इंजिन तीस वर्षे सांभाळले होते. पूल झाला, बोट थांबली. आता त्यांना पडद्यावरच्या खेळात बोट चालवायची होती. संगणकाचे बाकी सामान घेऊन झाले होते. राहिले होते फक्त कार्ड.

“काका, नवीन घ्या,” त्रुक म्हणाली. “तीन वर्षांची हमी आहे.”

“त्याच भावात नव्याची मेमरी निम्मी. लाटा अडखळतील, असं तूच म्हणालीस.”

“म्हणाले खरी. पण म्हणून तुम्ही रेडा घरी आणाल असं वाटलं नव्हतं!”

“अहो, रेडा कसला?” क्वी हसला. “एका कॉलेजच्या मुलीचं आहे. रविवारी तेवढी खेळायची.”

काकांनी मला नाकाशी धरले, मग चष्मा वर करून माझे स्क्रू पाहिले. “गंज चढलाय. मुलगी पाण्याखाली राहायची काय?”

त्रुकला हसू आवरेना. क्वीने घाईने मला संगणकात बसवले. “दहा मिनिटं चालवून दाखवतो.”

“दहा मिनिटांत इंजिन नीट तापतसुद्धा नाही. नदी ओलांडून परत यायला चाळीस मिनिटं लागायची. चाळीस चालव.”

“काका, दुसरी गिऱ्हाइकं आहेत हो!”

“असू देत. तुझी हमी सात दिवसांची. आठव्या दिवशी हे मेलं तर दुसरं घ्यायची माझी ऐपत नाही.”

ते स्टूल ओढून बसले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. आठव्या चिपची धग मला सोसवेना. सव्विसाव्या मिनिटाला पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. त्रुकने मोजले: अकरा.

“राहू द्या,” क्वी खाली बघत म्हणाला. “याच्या चिप्स उपटून सुट्या विकतो.”

माझे पंखे फिरत होते, म्हणून माझी थरथर कुणाला जाणवली नाही.

“थांब रे, आधी उघड,” काका म्हणाले. त्यांनी बोटाने एकेक पट्टी चाचपली आणि आठव्या चिपपाशी बोट थांबले. “हे बघ. यंत्र बिघडलेलं नाही, जोडणारा चुकलाय. नव्या पट्ट्या आण.”

त्रुकने पट्ट्या कापून दिल्या, काकांनी जपून बसवल्या.

“पुन्हा चाळीस. एकही ठिपका दिसला नाही तर हे नेतो. एक जरी दिसला तरी नवं, लहान घेऊन घरी जातो.”

“आणि माझ्या चिप्स?” असे ओरडावेसे वाटले. पण मला आवाज नाही.

मित्रांनो, मला राबवले याचा मला राग नाही. राबण्यासाठीच आम्ही असतो. पण यंत्र उघडाल तर नीट जोडा. धूळ हलक्या ब्रशने काढा, फवाऱ्याने नाही. आणि विकाल तेव्हा त्याने काय काय सोसले, ते घेणाऱ्याला खरे सांगा. सव्विसावे मिनिट जवळ येत होते तेव्हा मी हेच मनाशी घोकत होतो. तिघेही पडद्याकडे बघत होते.

चाळीस मिनिटे पूर्ण. तापमान ब्याऐंशी अंश, सोसवेल इतके. हिरवे ठिपके शून्य.