उद्या येणारा ताप

मूल्यांकनाचं पथक गुरुवारी येणार असा निरोप आला आणि त्या सरकारी शाळेत एकच धांदल उडाली. जिने धुतले गेले. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली शोधता शोधता दोन शिपायांच्या नाकी नऊ आले. वर्षभर गुंडाळी करून ठेवलेले तक्ते भिंतींवर चढले. वाचकहो, हे दृश्य आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या कचेरीत पाहिलेलं आहे. तपासायला कुणी येणार म्हटलं की आपल्याला आधी झाडू आठवतो.

या शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. बाई कामचुकार नव्हत्या, उलट कष्टाळू होत्या. त्या इथे आल्या तेव्हा शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. बाईंनी घरोघरी चपला झिजवून मुलं गोळा केली, गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं आणि गेली तीन वर्षं ओळीने शाळेला ‘अ’ श्रेणी मिळवून दिली. फाटकावर तशी पाटी झळकत होती. पाटी पाहून आईबाप विश्वासाने मुलांना आणून सोडत होते.

मंगळवारी बाईंनी शिक्षकांना खोलीत बोलावलं. सगळी तयारी सांगून झाली, तसे पाचवीचे सर चाचरत म्हणाले, “बाई, माझ्या वर्गात सात-आठ मुलं अशी आहेत, ज्यांना धड वाचता येत नाही. पथकाने नेमकं त्यांनाच उभं केलं तर?”

“गेल्या वर्षी काय केलं होतं?”

“घरी ठेवली होती.”

“मग झालं तर!”

“पण बाई, गेल्या वर्षी ती चौथीत होती. त्याच्या आदल्या वर्षी तिसरीत. मुलं तीच आहेत.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“सर, मला का ते कळत नाही? पण श्रेणी गेली की मुलं जातील. मुलं गेली की तुकडी बंद. तुकडी बंद झाली की तुमची बदली कुठल्या कोपऱ्यात होईल, देव जाणे. मग त्या सात-आठ जणांना शिकवणार कोण? सांगा त्यांना, गुरुवारी बरं वाटत नाही म्हणून घरी राहा. ताप आला म्हणावं.”

सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

बुधवारी दुपारी शाळेत बाईंच्या खोलीच्या दारात एक आई येऊन उभी राहिली. जवळच्या धुलाई कारखान्यात ती इस्त्रीचं काम करायची. सोबत तिची मुलगी, पाचवीतली. एका जागी पाय ठरत नाही म्हणून अख्खी शाळा तिला ‘भिंगरी’ म्हणायची. आज मात्र ती आईच्या मागे गप्प उभी होती.

“बाई, तुम्हाला त्रास देते,” आई म्हणाली. “उद्या कामावर सुट्टी टाकू की नको, तेवढं विचारायचं होतं. ही म्हणते, हिला उद्या ताप येणार आहे.”

बाई दचकल्या.

“मी म्हटलं, अगं, ताप काय सांगून येतो? तर म्हणते, सरांनी सांगितलंय, येणार म्हणजे येणार! कालपासून दर तासाला कपाळाला हात लावून बघतेय.”

“बाई,” भिंगरी हळूच पुढे झाली, “आणि नाहीच आला तर? माझं कपाळ गारच आहे. पण मी घरीच राहीन हं. माझ्यामुळे शाळेचं नाव जायला नको.”

तिच्या आवाजात ना रुसवा होता, ना तक्रार. आपण शाळेच्या उपयोगी पडतोय, असंच तिला वाटत होतं! आईने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग तिच्या ध्यानात आलं.

“हिला वाचता येत नाही का, बाई?”

बाई समोरचे कागद सरळ करू लागल्या.

“दर वर्षी पास होते, म्हणून मी निर्धास्त होते,” आई म्हणाली. “मला कुणी सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं हो.” तिने मुलीचा हात धरला आणि ती निघून गेली.

त्या संध्याकाळी बाईंना जेवण जाईना. डोळ्याच्या उपचारासाठी त्यांच्या थोरल्या नणंदबाई महिनाभर राहायला आल्या होत्या. एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका म्हणून उभी हयात घालवलेली ही बाई. आवाज करडा, पण जीव लावणारी.

“काय झालंय गं? ताटाशी भांडतेयस का?”

बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता स्वतःची बाजूही मांडली. “वन्सं, तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे सगळा कारभार आकड्यांवर चालतो.”

“मला नाही कळायचं? अगं, आमच्याकडेही पाहणी व्हायची. एका वर्षी वरच्यांनी डोकं लढवलं. पाहणीच्या दिवशी अत्यवस्थ रोगी दुसऱ्या इमारतीत हलवले. वॉर्ड काय छान दिसला म्हणून सांगू! शेरा मिळाला, उत्तम. आणि आम्ही रात्रपाळीला दोन जादा नर्स मागत होतो ना, त्या नामंजूर झाल्या. होणारच! कागदावर कुणी फारसं आजारीच नव्हतं.” त्यांनी भाजीचं भांडं पुढे सरकवलं. “तू मागितलंस का काही, या मुलांसाठी?”

“मागितलं ना. वाचनासाठी एक जादा शिक्षक द्या म्हणून तीन वर्षं लिहितेय. दर वेळी वरून तेच उत्तर. ‘अ’ श्रेणीच्या शाळेला जादा शिक्षकाची...”

बाईंचा घास हातातच राहिला.

“गरज नाही,” नणंदबाईंनी वाक्य पुरं केलं. “म्हणजे त्या शिक्षकाला दारातच अडवलंय कुणी? तूच की! आणि त्या पोरीने शाळेची लाज झाकायची? अगं, शाळेने तिची काळजी वाहायची, का तिने शाळेची?”

अरेरे! तीन वर्षं आपण शाळा वाचवली म्हणत होतो, आणि ज्यांच्यासाठी शाळा, त्यांनाच बाहेर काढत होतो! बाई ताटावरून उठल्या आणि त्यांनी पाचवीच्या सरांना फोन लावला. “सर, उद्या सगळी मुलं वर्गात हवीत. एकूण एक.”

पलीकडून सरांचा आवाज आला, मोकळा झालेला. “बाई, फोनवर नको सांगायला. मी आत्ता घरोघरी जाऊन येतो.”

गुरुवारी पथक आलं. पथकाचे प्रमुख जुने, ओळखीचे. हसत म्हणाले, “तुमच्या शाळेत काय पाहायचं, बाई! चहा घेऊ, सह्या करू.”

“साहेब, या वेळी पाहा,” बाई म्हणाल्या.

पाचवीच्या वर्गात त्यांनी कुणालाही उभं करावं, असं बाईंनीच सुचवलं. भिंगरी उभी राहिली. एक एक अक्षर बोटाने दाबत तिने अर्धी ओळ वाचली, जोडाक्षराशी अडखळली आणि तिथेच थांबली. तिच्या मागचा मुलगा तेवढंही वाचू शकला नाही. हातच्याची वजाबाकी निम्म्या वर्गाला आली नाही. सर कोपऱ्यात खाली मान घालून उभे होते.

प्रमुखांनी बाईंना व्हरांड्यात बोलावलं. “अहो, या मुलांना आज बोलवायचं कशाला? तुमचे आकडे पडले की आमच्या विभागाचेही पडतात. मलाही वर तोंड द्यावं लागतं.”

म्हणजे साहेबांनाही ठाऊक होतं तर! बाईंना हसावं की रडावं कळेना.

“साहेब, जे दिसलं ते लिहा,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे, तीही लिहा. आणि त्याच्याखाली हेही लिहा, की ही शाळा तीन वर्षं एक शिक्षक मागतेय आणि तो कुणी दिलेला नाही.”

साहेबांनी बराच वेळ पेन उघडलं नाही. पण शेवटी लिहिलं.

श्रेणी दोन पायऱ्या घसरली. वरून ताकीद आली. फाटकावरची पाटी बाईंनी स्वतः उभं राहून काढून घेतली आणि पालकांची सभा बोलावली. सभेत एक बसचालक बाप ताडकन उठला. “म्हणजे तीन वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत?”

बाईंनी बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. “हो,” त्या म्हणाल्या.

गलका झाला. काहींनी तिथल्या तिथे दाखले मागितले. तेवढ्यात भिंगरीची आई उठली. “मीही चिडलेय. पण मुलीला काय येतं, हे आज मला पहिल्यांदा खरं कळलं. आता भांडायचं तर शिक्षक मिळावा म्हणून भांडू. कोण कोण येतंय?”

काही मुलं शाळा सोडून गेलीच. उरलेले पालक मात्र कचेरीचे उंबरे झिजवत राहिले. आधी उत्तर आलं नाही, मग टोलवाटोलवी झाली, आणि सहामाहीनंतर शिक्षिका आली, तीही आठवड्यातले तीनच दिवस. सर शाळा सुटल्यावर तासभर थांबू लागले. दर महिन्याला एका शनिवारी पालक वर्गात येऊन बसत आणि मूल आपल्या आईबापासमोर वाचून दाखवी. सुरुवातीला कित्येक बापांना घाम फुटे, मुलांपेक्षा जास्त!

पुढच्या वर्षी श्रेणी एकच पायरी वर चढली. भिंगरी जोडाक्षरांशी अजून झुंजते, पण ओळ सोडत नाही. त्याच सुमाराला शेजारच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेचा बाईंना फोन आला. “बाई, तुमच्या अनुभवाचं सांगा. पथक येतं त्या दिवशी कच्च्या मुलांचं काय करायचं?”

“पहिल्या बाकावर बसवायचं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

वाचकहो, सरकारी शाळा आपल्या सगळ्यांच्या आहेत, आणि तिथे मूल शिकतंय की नाही याचा जाब एकट्या शिक्षकाने द्यायचा नाही. तो मुख्याध्यापकांनी, साहेबांनी आणि आईबापांनीही द्यायचा आहे. तुमच्या जवळच्या शाळेची श्रेणी जरूर विचारा. पण लगेच हेही विचारा, की ती ठरली त्या दिवशी वर्गात कोण कोण नव्हतं.