बाबांचा जनरेटर

आमच्या नालवाडीच्या घरात जनरेटरला हात लावायची मुभा एकट्या बाबांना होती. बाबा म्हणजे माझे सासरे, बंडोपंत, निवृत्त मुख्याध्यापक. सुमीतने, त्यांच्या सख्ख्या मुलाने, एकदा नुसती दोरी ओढून पाहिली तर बाबांनी त्याच्याशी अबोला धरला. मी तर सून. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले तरी खिडकीतून आवाज यायचाच, "शरयू, मशीनवर पानी उडवू नको!" मी शाळेत पन्नास पोरांना गणित शिकवते, पण घरात मला बादली कशी धरायची हे शिकवलं जायचं. मी दात-ओठ खायची आणि गप्प बसायची.

गेल्या हिवाळ्यात बाबांची फुप्फुसं थकली. तेव्हापासून त्यांच्या खाटेशेजारी हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र घरघरत असतं. ते विजेवर चालतं. बाकी सगळं ह्या एका वाक्यात आलं.

वैशाखातल्या त्या दुपारी अवकाळी वादळ आलं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंब तारांवर आडवा झाला. लाइन गेली. इन्व्हर्टरने तासभर तग धरला, मग शिटी मारून तोही बसला. सुमीत कामासाठी सिंदी रेल्वे ह्या गावी गेला होता आणि रस्त्यात अडकला होता. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "येतो मॅडम, पण झाड हटल्याशिवाय गाडी आत कशी घालू?" घरात ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, त्याचा मास्क मी बाबांना लावला. त्याचा काटा लाल पट्टीला टेकलेला होता.

शेजारची रक्षा धावत आली. तिला मी बाबांजवळ बसवलं, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आकडा खाली जाईल तसा ओरडून सांग." त्यांच्या खाटेजवळची खिडकी मागच्या अंगणात उघडते. जनरेटर तिथून वीसेक पावलांवर, कुंपणाच्या भिंतीला लागून, टिनाच्या छपराखाली असतो. धूर घरात शिरू नये म्हणून ती जागा बाबांनीच ठरवली होती. यंत्राला लांब जोडवायर लावून ती मी तिथवर नेली आणि जनरेटरची दोरी ओढली.

काही नाही. पुन्हा ओढली, पुन्हा नाही.

"पेट्रोलचा कॉक खोल्ला काय?" खिडकीतून बाबा. आवाज इतका स्वच्छ आला म्हणजे त्यांनी मास्क काढला होता.

"खोलला! मास्क लावा!"

"चोक?"

"ओढलाय! बाबा, मास्क!"

"मंग प्लग पाह्य. प्लग काळा झाला असन."

प्लग खरंच काळा होता. मी पान्याने तो काढला, पॉलिश पेपरने घासला, फडक्याने पुसला, पुन्हा बसवला. पान्याची पकड दोनदा सुटली. दोरी ओढली आणि जनरेटर खणखणीत सुरू झाला. वायर जोडली. रक्षा खिडकीशी येऊन ओरडली, "चालू झालं वो वहिनी!" मी छपराचा खांब धरून उभी राहिले. देवा, सुटलो, असं मोठ्याने म्हटलं.

थोड्याच वेळात मशीनचा आवाज अडखळला. खोकल्यासारखं दोनदा झालं आणि ते बंद पडलं.

"काऊन बंद पडलं?" बाबा.

"पाहते!"

ऑइल पाहिलं. कांडीवर बरोबर खुणेपर्यंत होतं. जोडलेली वायर काढून ठेवली, दोरी ओढली. सुरू झालं, छान चाललं, वायर जोडल्यावरही चाललं, आणि परत तसंच खोकून मेलं.

"वहिनी, एक्क्याऐंशी!" रक्षाचा आवाज चिरका झाला होता. "सिलिंडर संपत आलं. अन् हे आयकूनच नाई राह्यले, घडी घडी मास्क काढून राह्यले!"

"कार्बोरेटर खोल," बाबा म्हणाले. प्रत्येक शब्दामागे धाप ऐकू येत होती. "खालच्या... वाटीचा... बोल्ट..."

कार्बोरेटर खोलायचा म्हणजे अर्धा तास तरी जाणार, आणि परत बसवता आला नाही तर सगळंच संपणार. मला ते पटत नव्हतं. कार्बोरेटरात कचरा असता तर मशीन सुरुवातीपासूनच रडलं असतं. हे तर दर वेळी धडधाकट सुरू होत होतं, मग हळूहळू उपाशी पडत होतं आणि जरा थांबलं की पुन्हा चालत होतं. म्हणजे पेट्रोल आधी येतं आणि मग यायचं थांबतं. का थांबतं?

"तुले सांगून राह्यलो ना, वाटीचा... बोल्ट... दहाचा पाना..."

आणि माझा तोल गेला.

"चूप बसा!" मी ओरडले. "एकदम चूप! एक शब्द बोललात तर मी मशीन इथेच सोडून देईन! मास्क लावा आणि चूप बसा!"

लग्न होऊन आल्यापासून मी ह्या माणसासमोर आवाज चढवला नव्हता. खिडकीतून काही आलं नाही, रक्षाचाही आवाज आला नाही.

मी पेट्रोल पाहायला टाकीचं झाकण फिरवलं. ते हाताला चिकटल्यासारखं घट्ट आलं, आणि सुटताना टाकीने फुस्स करून हवा आत ओढली. चांगलीच जोरात ओढली. टाकी निम्मी भरलेली होती. मी झाकण उलटं केलं, सुलटं केलं. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तेव्हा त्याच्या जागी हवा यायला हवी. ती यायला ह्या झाकणाला कुठेतरी भोक असायला हवं. भोक नव्हतं. होता तो शेंदूर.

दर दसऱ्याला बाबा जनरेटरची पूजा करतात. आपट्याची पानं, हार, नारळ, आणि सगळ्यात वर, झाकणाच्या मधोमध, तेलात कालवलेला शेंदूर. टिळा कपाळीच लागतो, आणि मशीनचं कपाळ म्हणजे झाकण, असं त्यांचं म्हणणं. लावलेला शेंदूर पुसायचा नाही, तो आपोआप जाईल तेव्हा जाईल. जनरेटर झाकून ठेवलेला, त्यामुळे तो कधी गेलाच नाही. वर्षावर्षाचे थर एकावर एक बसून बोटभर टेकडी झाली होती, आणि गेल्या दसऱ्याच्या थराने खालचं भोक पुरतं बुजलं होतं. सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिकही तिला हात जोडून बाजूने पुसून जायचा. आणि हो, मीसुद्धा छपराखालची धूळ झटकताना तिला कधी फडकं लागू दिलं नव्हतं.

आता मी नखांनी शेंदूर उकरला. वरचा लाल होता, खालचा काळपट, दगडासारखा. पदराने घासला. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि मधोमध टोचत राहिले. देवाची माफी मागायचंही मला सुचलं नाही. पिन एकदम आत गेली. झाकण तोंडाशी धरून फुंकर मारली, दुसऱ्या बाजूने गालाला वारा लागला. पेट्रोलच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, की रडू होतं, मला माहीत नाही.

झाकण लावलं. दोरी ओढली, ओढली, ओढली. सुरू झालं. वायर जोडली.

आता फक्त थांबायचं होतं. आधी जिथे अडखळलं होतं, तेवढा वेळ जाऊ द्यायचा होता. मी मशीनकडे टक लावून उभी होते आणि दर धक्क्याला मला वाटत होतं, हा शेवटचा. ती वेळ आली आणि गेली. आवाज तसाच राहिला. आणखी थोडी थांबले, मग घराकडे पाहिलं.

मशीनच्या आवाजात आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. पण त्याआधीही येत नव्हतं. मी ओरडल्यापासून बाबा बोलले नव्हते. जो माणूस मास्क काढून काढून मला पाना सांगत होता, तो एका शब्दावर गप्प होईल? मला मागचं दार दिसत होतं. मी त्यांना शेवटचं काय म्हटलं होतं, ते मला नीट आठवत होतं.

कशीबशी आत गेले.

बाबा उशांना टेकून बसले होते. मास्क घट्ट लावलेला होता. ओठ जांभळट होते, डोळे उघडे होते. शेजारी यंत्र घरघरत होतं. रक्षा एका हाताने त्यांचं बोट धरून होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "शहात्तरवर गेलते," ती पुटपुटली. "आता चढून राह्यलं. चौऱ्याऐंशी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. नखं, बोटं, मनगट, पदर, सगळं शेंदरी झालेलं होतं. शेंदूर कुठला ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते पाहतच राहिले. मी वाट पाहत होते. आता बोलतील, पुसलं कसं, विचारलं का नाही.

त्यांनी हात मास्ककडे नेला आणि मध्येच थांबवला. मास्कच्या आतूनच, पोर वर्गात विचारतं तसं, त्यांनी विचारलं, "बोलू काय आता?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

त्यांनी मान डोलावली. मी खाटेच्या काठावर बसले आणि हुंदके देऊन रडले.