आडव्या ओळींचं झाड

"काकू, प्रार्थनाघरासाठी एवढं मोठं चित्र करताय, मग त्यात देव कुठेय?"

प्रश्न खरं तर भिंगरीचा नव्हताच. चष्मीस आणि लंबू या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि आता त्या दोघी जिन्यात तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मारल्यापासून भिंगरीचे पाय जमिनीला लागत नव्हते. कुणालाही काहीही विचारायला आपण घाबरत नाही, असं ती येता-जाता सांगत असे. पण वरच्या मजल्यावरच्या मणीकाकूंपुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची, म्हणून तर पैज लागली होती!

मणीकाकूंनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, आणि ते काम सोडल्यावर त्या मण्यांच्या मागे लागल्या. चौकटीवर ताणलेल्या कापडावर मोहरीएवढे रंगीत मणी टाचून त्या चित्रं करायच्या. तळ्याकाठचे पक्षी, भिंतीला टेकलेली काकांची जुनी सायकल, पावलांनी मळलेली पायवाट. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण चित्रातल्या सायकलीला अजून हवा भरलेली दिसायची.

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, पण नजर नेहमीसारखीच टोकदार.

"देव? बरं, कुठे बसवू सांग. ह्या फांदीवर की त्या बाकावर?"

भिंगरी चौकटीवरच्या अर्धवट झाडाकडे बघू लागली.

"मी काही त्याला पाहिलेलं नाही गं. हे झाड पाहिलंय. ह्याच्याखाली बसून माणसं त्याच्याशी बोलायची, तेही पाहिलंय. जे पाहिलं ते करते. आणि जिन्यातल्या दोन्ही बायांना सांग, हसायचं तर आत येऊन हसा. बिस्किटं आहेत."

जिन्यातून धाड्‌धाड्‌ पावलं खाली पळाली. भिंगरीही सटकणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तू थांब. बोटं दाखव बघू. हं, लांब आहेत. सुईत दोरा ओवता येतो का, की नुसतीच भाषणं?"

आता हे ऐकून कोण घरी जाईल?

प्रार्थनाघराच्या अंगणातलं ते मोठं झाड वादळात पडलं होतं. छप्परही उडालं होतं. दुरुस्ती संपून प्रार्थनाघर पुन्हा उघडेल, त्या दिवशी समोरच्या भिंतीवर झाडाचं चित्र लागायचं होतं. काकूंनी जमीन, बाक आणि खोड पूर्ण केलं, आणि मग न्हाणीघरात पाय घसरला. पानांचा सगळा डोलारा राहिला होता तो राहिलाच.

मग काय, शाळा सुटली की भिंगरी वर! मणी घरंगळू नयेत म्हणून मखमलीच्या तुकड्यावर ओतायचे. जाडे, वाकडे बाजूला काढायचे. मेण लावलेल्या दोऱ्यात थोडे ओवून सरावाच्या कापडावर निजवायचे आणि दुसऱ्या सुईने मण्यामण्यामधून टाका घालत जायचं. काकूंचा हात बंद होता, तोंड नव्हतं.

"तुझा बाप ह्याच झाडावरून पडला होता, माहितीये? खाली सगळे डोळे मिटून बसलेले, अगदी शांत, आणि वरून हा धप्पकन! आमच्या ह्यांना वाटलं, प्रार्थनेला उत्तर आलं."

"बाबा कधी बोलले नाहीत!"

"कोण बोलेल?"

पुढे काकू हाताच्या व्यायामासाठी लेकीकडे राहायला गेल्या. बाबांनी चौकट खाली आणली. भिंगरीच्या अंगात नुसता वारा संचारला. तिने हिरवे मणी घेतले आणि डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक, वहीतल्या रेघांसारख्या सरळ ओळी टाचत सुटली. एक मणी इकडचा तिकडे नाही! आई येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायची. चष्मीस म्हणाली, "बाई, तू तर मशीन आहेस!" भिंगरीला ते फारच आवडलं. सुट्टी लागली की शाळेची समुद्राची सहल निघणार होती, आणि त्याआधी झाड पूर्ण करायचं तिने मनाशी ठरवलं होतं. केलंही.

काकू परत आल्या त्या दुपारी बाबांनी चौकट वर नेऊन पहिल्यांदाच खिडकीसमोर उभी केली. भिंगरी दोन पावलं मागे सरकली, आणि तिचं हसू तिथेच विरलं.

खोड जिवंत होतं. सालीच्या पिळांवरून उजेड वर चढत होता, बाकाच्या कडेला थबकत होता. आणि त्याच्यावर पानं कसली? दुकानाचं हिरवं शटर खाली ओढलं होतं!

काकूंनी चष्मा नाकावर सारला. मग म्हणाल्या, "छान झालंय. उंचावर लागेल. एवढं कुणाच्या लक्षात येत नाही."

ह्याच काकूंनी चौकट करणाऱ्या सुताराला, "ही चौकट आहे की खाट?" म्हणून दारातून परत पाठवलं होतं. आणि भिंगरीला मात्र म्हणे, छान झालंय!

"काकू, रागवा ना."

"कशाला रागवू?"

"मग काय चुकलं ते तरी सांगा. ओळी वाकड्या आहेत का?"

"सरळ आहेत. तेच तर." काकूंनी डाव्या हाताने हिरव्या मण्यांची एक माळ उचलून खिडकीत आडवी धरली. मणी चकाकले. माळ हळूच उभी केली, तसे तेच मणी काळपट झाले. "रंग तोच. ओळ वळली की उजेडही वळतो. खोडाच्या ओळी बघ, कशा पीळ घेत गेल्यात."

"आधी का नाही सांगितलंत?"

काकू जरा ओशाळल्या. "चुकलंच माझं. हाताला इतकी वर्षांची सवय, गं. तोंडाने सांगायचं असतं हे सुचलंच नाही. असू दे. आता उसवायचं तर तुझी सगळी सुट्टी जाईल, आणि सुट्टी संपताच प्रार्थनाघर उघडतंय. तू सहलीला जा, मजा कर. आपण हेच लावू."

भिंगरी जिना उतरली, पण घरी गेली नाही. पाय बसथांब्याकडे वळले. तिथे एक साधंसं झाड होतं. त्याच्याखालच्या बाकावर ती चक्क उताणी झोपली आणि वर बघू लागली.

लहानपणी ती त्या मोठ्या झाडाखाली अशीच वर बघायची. सगळे डोळे मिटायचे, आणि आई कोपराने ढोसून म्हणायची, "डोळे मिट." ती म्हणायची, "वरच बघतेय की!" तेव्हा पानांच्या फटींतून उजेड सांडायचा. सगळ्यांनी नेमके आत्ताच डोळे का मिटलेत, हे तिला कळायचंच नाही.

इथलीही पानं तशीच होती. झुबक्याझुबक्यांनी वळलेली. काही तोंडावर उजेड घेतलेली, काही पाठ फिरवलेली, काहींची तर नुसती कड दिसत होती. एकही पान दुसऱ्याचं ऐकत नव्हतं.

बस थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "काय गं पोरी, चक्कर आली का?"

"नाही, पानं बघतेय!"

"बघ बघ. त्याला तिकीट नाही."

बस निघून गेली. भिंगरीच्या डोळ्यांपुढे समुद्र आला. खिडकीची जागा चष्मीसने तिच्यासाठी कधीच धरून ठेवली होती. गाण्यांच्या भेंड्यांसाठी लंबूने गट पाडले होते. ओल्या वाळूत पाय रुतल्यावर कसं वाटतं, हे त्या तिघी महिनाभर फक्त बोलतच होत्या. तिला रडू येईलसं वाटलं, थोडं आलंही. मग प्रार्थनाघरातली ती भिंत डोळ्यांपुढे आली. डोळे उघडे ठेवणारं एखादं पोर तिथे बसेल, वर बघेल, आणि त्याला दिसेल काय, तर शटर!

ती उठली आणि तडक घरी आली. आई सहलीच्या कपड्यांना इस्त्री करत होती. बाबा बॅगेची अडकलेली चेन ओढत होते.

"आई, इस्त्री बंद कर. मी सहलीला जात नाहीये."

"म्हणजे? भांडलात की काय तिघी?"

"नाही. चष्मीसला मी स्वतः सांगणार आहे, ती चिडेल तेवढी चिडू दे. मी झाड उसवतेय, पानांचा सगळा भाग. आणि पुन्हा करतेय, एकेक झुबका वळवून. काकू नको म्हणाल्यात, तरी करतेय. तुम्ही दोघांनीही नको म्हणू नका, कारण माझं ठरलंय." तिने एका दमात सांगून टाकलं आणि मग श्वास घेतला. "आणि बाबा, ती चेन सोडा आता. चौकट खाली आणायला चला, आणि जेवणाचं टेबल मला खिडकीपाशी लागणार आहे. सुट्टीभर."