कोलोतीचा तीन

३

आमच्या टोंगात सूर तीनपासून सुरू होतात. तीन म्हणजे सा. मग चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ आणि पुन्हा वरचा तीन. एक आणि दोन कुठे गेले, असं कुणी विचारत नाही. चर्चच्या फळ्यावर हेच आकडे असतात, शाळेच्या बँडच्या कागदांवरही हेच. गाताना आमच्या भाषेतल्या आकड्यांची पहिली अक्षरं तेवढी म्हणायची: तो, फा, नी, ओ, तू, वा, ही.

म्हणून ही गोष्टही तीनपासून सुरू होते आहे. मधला एक सूर गळला आहे. तो शेवटी येईल.

४

आमच्या शाळेत दर जुबिलीला, म्हणजे काही वर्षांनी भरणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, प्रत्येक वर्ग मैदानावर संचलन करतो, आणि प्रत्येक वर्गाची स्वतःची धून असते. म्हातारे, टकले, नातवंडं झालेले, सगळे पुन्हा शाळेच्या गणवेशात, कमरेला आमच्या रिवाजाची मानाची चटई गुंडाळून, आपल्या वर्गाच्या धुनेवर चालतात. धून ऐकली की लांबूनच कळतं, कुठला वर्ग आला.

आमची धून बँडच्या हेपेती मास्तरांनी बांधली होती. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. सकाळी प्रार्थनेआधी आणि संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर आम्ही ती घोटत होतो, आणि जुबिलीच्या आदल्या दिवशी वादळ आलं. सभागृहाचं छप्पर गेलं, कागद गेले, वाद्यं नंतर खारफुटीच्या मुळांत अडकलेली सापडली. जुबिली झालीच नाही. ज्यांचे नातेवाईक ऑकलंडला होते ते ऑकलंडला गेले, ज्यांचे सिडनीला ते सिडनीला.

तेव्हापासून प्रत्येक जुबिलीला आमचा वर्ग नुसत्या ढोलावर चालतो. आम्हाला मुका वर्ग म्हणतात. आमच्या एक वर्ष आधीच्या वर्गातला मालाकाई दर खेपेला कावा, आमचं मुळ्यांचं पेय, पिताना तोच विनोद करतो. म्हणतो, तुमचा वर्ग मला फार आवडतो, तेवढ्या वेळात डुलकी काढता येते.

मी, लोसालीन, बेटावरच राहिले. माझी बेकरी आहे. मालाकाई पाव माझ्याकडूनच नेतो, आणि तोही बोलत बोलत.

५

या वर्षी कळलं की हेपेती मास्तर येणार आहेत. दृष्टी गेली होती, पण कान शाबूत होते. पुढच्या जुबिलीला माझी खुर्ची ठेवू नका, असं त्यांनी शाळेला स्वच्छ कळवलं होतं. त्यांनी बांधलेल्या सगळ्या धुना त्यांनी मैदानावर ऐकल्या होत्या. एक सोडून.

मी त्यांच्या घरी गेले होते. म्हटलं, मास्तर, आमची धून तुम्हाला आठवते का? म्हणाले, वरची चाल आठवते. बाकीचे भाग तुमच्या हातात दिले होते, ते तुम्ही सांभाळायचे.

मग उइनीताने ऑकलंडहून फोनवर गट काढला. उइनीता आमची बँडप्रमुख होती, आता मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका आहे. दोन्ही कामांत फरक काय, तर आता पगार मिळतो. तिने हुकूम सोडला: ज्याला आपला भाग आठवतो त्याने तो आकड्यांत गाऊन पाठवायचा.

गंमत अशी की पूर्ण धून कुणालाच आठवत नव्हती, पण आपापला भाग पक्का होता. कॉर्नेट या छोट्या तुतारीवरची माझी वरची चाल मी पाव भाजता भाजता गायली. सिउपेली इथेच मासेमारी करतो, त्याच्याकडे सर्वांत खालचा भाग, बास, होता. त्याने होडीतून पाठवलं, इंजिनाच्या आवाजासकट. उइनीताने बासच्या जरा वरचा, स्वतःचा बॅरिटोन गायला. तिघांचं एकावर एक रचलं तर बसत होतं. पोकळ होतं, पण बसत होतं. मधला भाग हॉर्नचा. हॉर्नवाले आणखी दोघं होते, दोघंही आता देवाघरी. उरला कोलोती.

कोलोती वर्गातला विदूषक. हॉर्नमध्ये जिवंत खेकडा सोडणारा. तो सिडनीला पाद्री झाला आहे हे ऐकून सिउपेली इतका हसला की त्याच्या हातून जाळं सुटलं. कोलोतीने आपले आकडे पाठवले, घडाघडा, एकदाही न अडखळता.

ते कशावरच बसेनात. चर्चमध्ये दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळी भजनं धरावीत तसं वाटायचं.

उइनीताने विचारलं, नक्की का? तो म्हणाला, नक्की, मी रोज वाजवतो. इथल्या बँडमधल्या एकाचा हॉर्न मागून आणलाय. घरी एकदम गोड लागतं.

"एकट्याने आरवलं की कोंबडंही गोड लागतं," सिउपेली म्हणाला.

जुबिलीआधीच्या शनिवारी परदेशातले सगळे बोटीने उतरले. वाद्यं सोमवारीच मैदानावर मिळणार होती, आणि कोलोतीचा उसना हॉर्न सिडनीलाच राहिला होता. माझ्या बेकरीमागे बसून आम्ही समोरासमोर गायलो. कोलोतीचे केस पांढरे झाले होते, गळ्यात पांढरी पट्टी होती, डोळे मात्र खेकडा सोडणाऱ्याचेच. आम्ही तीन धरला, त्यानेही तोच तीन धरला, आणि दुसऱ्याच ओळीला सगळं भांडायला लागलं. पुन्हा गायलो. पुन्हा तेच. उइनीताने मान हलवली. मास्तरांपुढे आयुष्यात एकदाच वाजवायचं, आणि ते चुकीचं वाजवायचं नाही, असं तिचं म्हणणं.

"कोलोती, तुझा भाग गाळूया. हॉर्न ओठांना लावून चाल. फुंकू मात्र नकोस."

त्याने हुज्जत घातली नाही. तेच मला बरं वाटलं नाही. तो एवढंच म्हणाला की एवढ्या लांबून माणूस हॉर्न उचलायला आलाय, तर उचलतो.

६

(इथला सूर उइनीताने गाळला.)

७

रविवारी आमच्याकडे काम नाही, पोहणं नाही, आणि भजनाशिवाय वाद्य नाही. म्हणजे सराव नाही. सकाळी चर्च. सगळ्यांनी तीन धरला आणि चारही भाग छपरापर्यंत गेले. कोलोती माझ्यामागे उभा राहून गात होता. एक सूर चुकला नाही. मला वाटलं, हा माणूस आकडे विसरणारा नाही. पण वाटण्याने काय होतं, शनिवारी कानांनी ऐकलं होतं.

दुपारी उमूतलं, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतलं, जेवण. केळीची पानं उघडली, अळूच्या पानांत शिजलेल्या लूचा वास सुटला, आणि मालाकाई आमच्या चटईवर येऊन बसला. उद्या किती वाजता झोपू, असं त्याने विचारलं.

"चेष्टा कर," कोलोती म्हणाला. "पाद्र्यापुढे केलेली चेष्टा वर नोंदली जाते."

मालाकाईने घास थांबवून वर पाहिलं.

८

सोमवारी वाद्यं शाळेची. प्रत्येक वर्ग आपला फेरा संपवून पुढच्याच्या हातात देतो, त्यामुळे आधी फुंकून बघायची सोय नाही. आमची पाळी आली. मालाकाईच्या वर्गाने घामेजलेली वाद्यं आमच्या हातात दिली. उइनीता पुढे, काठी घेऊन. तिचा बॅरिटोन तिने धाकट्या बहिणीला शिकवला होता. मग मी, सिउपेली, कोलोती. मागे आमचा वर्ग. कुणाचा शर्ट पोटावर बंद होत नव्हता, कुणाचा गुडघा वाकत नव्हता.

ढोल सुरू झाला. मैदान नेहमीसारखं गप्पांत होतं. मुका वर्ग आला म्हणून लोक पाण्याच्या बाटल्या शोधत होते.

मग आम्ही वाजवलं.

गप्पा थांबल्या. एक बाई अर्धी उठून तशीच राहिली. आमची धून बाहेर आली होती, पहिल्यांदा, पण मला आतून कळत होतं की ती कुडकुडते आहे. वर चाल, खाली बास, मध्ये वारा. मास्तरांची खुर्ची झाडाखाली होती. त्यांनी मान कलती केली. दार उघडंय पण घरात कुणी नाही, तेव्हा माणूस करतो तशी.

९

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. कोलोतीची बोटं हॉर्नच्या कळांवर चालत होती. फुंकत नव्हता, पण एकही बोट चुकत नव्हतं. खुर्ची जवळ येत होती. उइनीताने पाठीमागे न बघता काठी जरा खाली केली. ती खूण मला माहीत होती: आवरतं घ्या.

कोलोतीने छाती भरली. चटईखालून पोट वर आलेलं मला दिसलं. मला ओरडायचं होतं, नको. पण तोंडाला कॉर्नेट होती.

६, म्हणजे कोलोतीचा ३

हॉर्न वाजला, आणि बसला.

नुसता बसला नाही. मधली सगळी पोकळी भरून वर आला. सिउपेलीच्या बासखाली जणू जमीन आली. माझी चाल, जी इतकी वर्षं मला पोरकी वाटायची, तिला कुणीतरी दंडाला धरून चालवू लागलं. उइनीता काठी घेऊन गर्रकन वळली. प्रमुखाने वळायचं नसतं. ती उलटी चालत होती, आमच्याकडे तोंड करून, आणि तिचे ओठ आकडे म्हणत होते. मग तिने कपाळावर हात मारला. तिला कळलं, आणि तिला बघून मलाही.

चर्चमध्ये सगळ्यांचा तीन एक असतो. म्हणून आम्ही कोलोतीलाही आमच्या तीनवर उभा केला होता. पण हॉर्नचा तीन वाद्यातच वेगळ्या जागी आहे. जिथे आमचा सहा, तिथे त्याचा तीन. मास्तरांनी हॉर्नचे आकडे हॉर्नच्या हिशोबाने लिहिले होते, त्याने ते तसेच पाठ केले होते. त्याची स्मरणशक्ती बरोबर, आमचीही बरोबर. गाण्यात भांडत होतं, धातूत जुळलं.

मैदान उठलं. बायका धावत आत आल्या आणि आमच्याभोवती वेडंवाकडं नाचू लागल्या. आमच्याकडे आनंद झाला की असंच नाचतात, मुद्दाम ताल सोडून. आमचा वर्ग मागून गुडघे उचलत होता. सिउपेली बास वाजवत रडत होता आणि त्यामुळे बास थरथरत होता, तेही चांगलं वाटत होतं. मालाकाई कडेला उभा होता, दोन्ही हात वर.

खुर्चीपुढे आम्ही थांबलो. हेपेती मास्तरांचा उजवा हात मांडीवर ताल धरून होता, आणि आम्ही थांबल्यावरही तो एक फेरा पुढे गेला. मग ते म्हणाले, "हॉर्न कोण?"

"मी, मास्तर. कोलोती."

"खेकड्यावाला?"

"होय, मास्तर."

"उशिरा आलास. पहिल्या ओळीपासून यायचं असतं." ते खुर्चीत मागे टेकले. "पुन्हा."

पुढचा वर्ग वाद्यांसाठी हात पसरून उभा होता. उइनीताने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वळली, काठी वर केली, आणि आम्ही मैदानाच्या पहिल्या टोकाला परत चालत गेलो, सगळे, वाकत नसलेल्या गुडघ्यांसकट, आणि पहिल्या ओळीपासून वाजवलं. या वेळी उइनीताने काठीने सर्वांत आधी कोलोतीकडे खूण केली.