रिकामे बेस

"बेसवर कुणी नाहीये, स्वप्नाली! वाइंडअप घे, वाइंडअप!" निवड घेणाऱ्या विनीता मॅडम दोरीपलीकडून ओरडल्या.

नांदेडच्या मैदानावर बेसबॉल संघाची निवड चालू होती. मधल्या उंचवट्यावर स्वप्नाली चेंडू घेऊन उभी होती. समोर फक्त बॅटर, तिन्ही बेस, म्हणजे धावणाऱ्यांचे थांबे, मोकळे. अशा वेळी पिचरला घाई नसते. वाइंडअप म्हणजे हात डोक्यावर न्यावेत, गुडघा छातीशी आणावा, सगळं अंग चेंडूमागे ओतावं. अहमदपूरच्या शाळेत तिची ही फेक बॅटरला दिसायचीसुद्धा नाही. बेसवर कुणी पळायच्या तयारीत असलं, तरच अंग आखडून झटपट टाकायचं. त्याला स्ट्रेच म्हणतात.

तिने हात उचलले. ते खांद्याच्या वर गेलेच नाहीत. कोपरं बरगड्यांना चिकटली, चेंडू आखूडच सुटला आणि बॅटरने तो आरामात दूर धाडला.

मेडिकलच्या क्लासपायी ती वर्षभर लातूरला होती. खोलीत चार कॉट. दोन कॉटांमधल्या बोळात उभं राहून ती मोज्यांचा गोळा गादीवर फेकायची. हात वर नेला की बोटं वरच्या पुस्तकांच्या फळीवर आपटायची आणि मैत्रिणी करवादायच्या, "ए बाई, काय दणदण करून राहिलीस! पाठ करू दे की." मग ती आखूडच टाकायची. अंगाला तेवढंच ठाऊक उरलं.

घरी कुरकूर करायची सोय नव्हती. भूकंपात तिचा थोरला भाऊ उमाशंकर ढिगाऱ्यातून जिवंत निघाला होता. डॉक्टर पोचेपर्यंत वडिलांच्या, आप्पांच्या, मांडीवर गेला. स्वप्नाली त्यानंतरची. तिचं नाव ठेवायच्या आधीच ती डॉक्टर होणार हे ठरलं होतं. आप्पा रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. निवडीचं विचारलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "जा. घेतलं तर बघू. न्हाई घेतलं तर ह्ये सोडायचं, बाळ."

पुढचे चेंडूही तसेच गेले. मॅडम जवळ आल्या. "खांदा दुखतोय का?"

"न्हाई मॅडम."

"मग अडतंय कुठं?"

संध्याकाळी नावं पुकारली; त्यात तिचं नव्हतं.

आप्पा दुकान बंद ठेवून सोबत आले होते. दिवसभर लिंबाखाली उभे होते. खेळातलं त्यांना काही कळत नसे. स्टँडकडे चालताना ते अचानक म्हणाले, "शाळेत तू हात पार डोक्यावर न्यायचीस. आज न्हाई नेलेस."

स्वप्नाली थबकली. शाळेतला सामना बघायला आप्पा आले होते, हेच तिला माहीत नव्हतं.

"जागा नव्हती, आप्पा."

"एवढं मोठं मैदान होतं की गं."

"खोलीत नव्हती."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. तेवढ्यात लातूरची गाडी लागली.

गाडी निम्मी रिकामी होती. आप्पा मुद्दाम मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "ऐसपैस बस. अख्खी सीट तुझीच हाय."

"हाव," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन, खिडकीला खेटून, अंग चोरून बसून राहिली.