डावी बाजू आखूड

पालक समोर बसले की आमच्या मुख्याध्यापकांना गावाचे गुण गायची हुक्की येते. मोकळी हवा, गर्दी नाही, अभ्यासात लक्ष लागतं, आणि सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे इथे प्रत्येक मूल सगळ्यांचं. त्या सकाळी ते हे सगळं एका आईला ऐकवत होते आणि मी, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर, दारातून त्यांना डोळ्यांनी खुणावत होते. त्या बाईंची मुलगी सापडत नव्हती.

बाई लेकीला कायमची शहरात न्यायला आल्या होत्या. आदल्या दिवशी फोनवर त्यांनी तिला तसं सांगितलंही होतं. खेड्यातल्या शाळेत लेकीचं पार ध्यान झालंय, अशी त्यांची तक्रार होती, आणि पुरावा म्हणून फोटो आणला होता. त्यात पोरीचे केस डावीकडे आखूड होते. गावात न्हावी एकच. आमच्या सगळ्या मुलींचे केस तोच कापतो आणि डावी बाजू हटकून आखूड ठेवतो. सांगून सांगून माझी जीभ झिजली.

मुख्याध्यापकांना खुणा कळतील तर शपथ. "काय ते बोला की," ते म्हणाले. मग बोलावंच लागलं. मुलगी वर्गात नाही, खोलीत नाही, गणवेश खुंटीवर आहे आणि घरचा फ्रॉक गायब आहे.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "प्रत्येक मूल सगळ्यांचं ना?" त्या म्हणाल्या. "मग माझं कुठे आहे?"

गणवेशातली मुलगी एकटी दिसली की दुकानदार शाळेत फोन करतात, हा इथला शिरस्ता. पण फ्रॉकातल्या पोरीला कोण हटकणार? गावाबाहेर दगडाची खाण आहे, तिच्यात पाणी साचलेलं. शिपायाला मी तिकडे पिटाळलं आणि स्वतः बस स्टँडची वाट धरली. बाई मागे धावत होत्या. त्यांची चप्पल तुटली, तशा अनवाणीच आल्या.

स्टँडवर शहराची गाडी उभी होती आणि प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने शंख करत होते. ड्रायव्हर समोरच्या दुकानात, आमच्या त्या न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस वाळत आलेला. न्हावी वस्तरा खिशात घालून शांत उभा.

"आलात?" मला बघून तो म्हणाला. "शाळेचा फोन लागेल तर ना."

लागणार कसा? भाषणात व्यत्यय नको म्हणून मुख्याध्यापक पालकांसमोर रिसीव्हर काढून ठेवतात.

"तुमची एक मुलगी गाडीत चढली. आरशात दिसली मला," न्हावी म्हणाला. "म्हटलं, याची दाढी पुरी केली तर गाडी गेली."

"तुम्ही ओळखता तिला?" बाईंना धाप लागली होती.

"तिला नाही हो. पण डावी बाजू आखूड होती ना."

पोर मागच्या सीटखाली धुळीत बसली होती. गाडी सुटेल हे तिच्या गावीही नव्हतं. आई परत जाईपर्यंत तिथे लपायचं, एवढाच तिचा बेत. आईने हात पुढे केला तशी तिने सीटचा पाय घट्ट धरला.

"तिकडे मी कुलूप उघडून घरात जाते आणि तू येईपर्यंत कोणीच बोलत नाही," ती म्हणाली. "इथे नुसती फाटकात उभी राहिले तरी चार जण विचारतात."

बाई तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. मलाही राहवलं नाही. प्रवासी मात्र वेळेवरून भांडतच होते.

ड्रायव्हरचा दुसरा गाल उरकला, गाडी गेली. न्हाव्याने खुर्चीच्या हातांवर फळी टाकून पोरीला वर बसवलं, केसांतली धूळ झटकली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, की आज दोन्ही बाजू सारख्या करून देतो. एकदाचा सुबुद्ध झाला, असं मला वाटलं.

त्याने कात्री उचलली तोच बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तशीच राहू द्या डावी बाजू."